संक्रांतीची भेटकार्डे : घरचाच कागद, घरचीच खळ



तूर काढणीला आली आणि ज्वारीची कणसे हुरड्यात आली, की संक्रांत जवळ आली म्हणून समजावे. १४ जानेवारीला, एखाद्या वर्षी १५ ला, सण दाराशी येतो. तीळ निवडायचे, गूळ पाहून ठेवायचा, हळदीकुंकवाच्या वाणाचा विचार करायचा. शिवाय कापसाची वेचणी आणि जनावरांचे चारापाणी आहेच. तरी या गडबडीतून दोन संध्याकाळी बाजूला काढा. मुलांना भोवती बसवा आणि घरच्या घरी संक्रांतीची भेटकार्डे करा.

पूर्वी संक्रांतीच्या आधी पोस्टमनच्या पिशवीत लहान लहान पाकिटे दिसत. आत चित्राचे छोटेसे कार्ड आणि हलव्याच्या दहा-बारा दाण्यांची पुडी असे. आता शुभेच्छा फोनवर येतात. एकाच सकाळी पन्नास येतात आणि संध्याकाळी पुसल्याही जातात. ज्याच्याशी रोजचे बोलणे आहे त्याला फोन पुरतो. पण प्रत्येक घराला असे एखादे नाते असते, की तिथे फोन लावायला हात धजत नाही. तिथे कागद उपयोगी पडतो. त्याविषयी शेवटी बोलू. आधी कामाला लागू.

साहित्य : कपाट उघडा, दुकान नको

लग्नसराईत आलेल्या पत्रिका बहुतेक घरांत खुंटीला किंवा फळीवर पडून असतात. वर गणपतीचे चित्र असते, म्हणून टाकवत नाहीत आणि ठेवून उपयोगही नसतो. त्यांची कोरी बाजू कार्डाला उत्तम. चित्र नीट कापून वेगळे ठेवावे. तेही कुठे तरी शोभेल. ३१ डिसेंबरला भिंतीवरून उतरणारे जुने कॅलेंडर असेच उपयोगी. पतसंस्थेच्या किंवा दुकानदाराच्या कॅलेंडरची पाठ बहुधा कोरी असते आणि कागद गुळगुळीत असतो. त्याची पाकिटे होतात. शिवाय वह्यांचे पुठ्ठे, साडीच्या खोक्यातला पुठ्ठा, फाटलेल्या पतंगाचा रंगीत कागद आणि शिवणाच्या डब्यातले जरीचे तुकडे घ्यावेत.

दोन वस्तू मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत : बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या आणि औषधांची खोकी. त्यांवरची चित्रे रंगीत, चकचकीत असतात आणि मुलांना हवीशी वाटतात. पण बियाण्याला चोळलेले औषध पिशवीला आतून लागलेले असते. फवारणीच्या औषधाचे खोके कितीही कोरे दिसले तरी घरकामाला घेऊ नये.

जुन्या कागदाचे कार्ड पाठवायला संकोच वाटू देऊ नका. आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पूर्वी हातकागद होत असे, तो चिंध्या कुजवून, कुटून केलेल्या लगद्याचाच. टाकाऊतून कागद आणि कागदातून पुन्हा काही नवे, ही रीत जुनीच आहे.

खळ आणि डिंक

खळीसाठी दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा. मैदा नसल्यास कणीक वस्त्रगाळ करून घ्यावी. दीड वाटी पाणी उकळून त्यात हे मिश्रण ओतावे आणि सारखे ढवळत राहावे. खळ पारदर्शक दिसू लागली, की उतरवून चिमूटभर तुरटीची पूड घालावी. ही खळ दोन-तीन दिवस टिकते. जुन्या काळी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी ते असतेही. पण मोरचूद विषारी आहे. मुले बोटे चाटतात, म्हणून ते घालू नये. खळ रोजच्या रोज ताजी केलेली बरी.

पाकिटाच्या झाकणाला बाभळीचा डिंक चांगला. स्वच्छ खडे निवडून कुटावेत. एक चमचा डिंक दोन चमचे पाण्यात रात्रभर भिजवावा आणि सकाळी फडक्यातून गाळावा. झाकणाच्या कडेला त्याचा पातळ हात देऊन वाळू द्यावा. बंद करायच्या वेळी ओल्या बोटाने पुसले, की झाकण चिकटते.

कार्डाची कृती

१८ सें. मी. लांब व १४ सें. मी. रुंद कागद मधोमध दुमडला, की १४ बाय ९ सें. मी.चे, म्हणजे पोस्टकार्डाएवढे कार्ड होते. दुमडण्यापूर्वी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या दिशेने घडी स्वच्छ पडते. उलट दिशेने घातली तर जाड कागद घडीवर फुटतो. घडीवरून चमच्याची पाठ दाबून फिरवावी. नख फिरवू नये, त्याने रेघ वाकडी येते.

सजावटीचे चार सोपे प्रकार सांगते.

पहिला, तिळाची अक्षरे. ‘गोड बोला’ एवढेच शब्द डिंकात बुडवलेल्या काडीने लिहावेत, वर पांढरे तीळ पसरावेत, कोरा कागद ठेवून दाबावे आणि वाळल्यावर जास्तीचे तीळ झटकून टाकावेत. गडद कागदावर पांढरे तीळ आणि फिक्या कागदावर काळे तीळ उठून दिसतात.

दुसरा, भेंडीचे ठसे. जून भेंडी आडवी कापली, की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. कुंकू खळीत कालवून बशीत पसरावे, भेंडी त्यात टेकवून कागदावर ठसा उमटवावा. पाण्यात कालवलेली कपड्याची नीळही चालते. लहान मुलांना हे काम द्यावे. ठसा वाकडा पडला तरी शोभतो.

तिसरा प्रकार हळदीच्या गमतीचा. एक चमचा हळद तीन चमचे पाण्यात कालवून, थोडी खळ घालून कार्डावर पातळ पोत द्यावा आणि सावलीत वाळवावा. मग काडी साबणाच्या किंवा पापडखाराच्या पाण्यात बुडवून त्यावर नक्षी काढावी. पिवळ्यावर तांबड्या रेघा उमटतात. खाराने हळद तांबडी होते, तेच हे. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून असे कार्ड खिडकीत ठेवू नये. पाकिटात तो रंग बराच टिकतो.

चौथा, गव्हाच्या काडाची नक्षी. मळणीयंत्रातले काड चुरडलेले असते, ते उपयोगाचे नाही. बांधाकडेला राहिलेली किंवा घरात जपून ठेवलेली गेल्या सालची ताठ काडे घ्यावीत. तासभर पाण्यात भिजवून ब्लेडने उभी चिरावीत, उलगडून कोमट इस्त्रीने सपाट करावीत. ही पट्टी सोन्यासारखी चमकते. तिचे पतंग, पाने, ओंबी असे आकार कापून खळीने चिकटवावेत. ब्लेडचे काम मात्र मोठ्यांनी करावे.

हलव्याची पुडी

तिळगुळाचा लाडू किंवा वडी पाकिटात घालू नये. गूळ पाघळतो, कागदावर तेलकट डाग पडतो आणि वाटेत मुंग्या लागतात. कोरडा काटेरी हलवाच घ्यावा, दहा-बारा दाणे पुरेत. पतंगाच्या कागदाचा चार बोटे चौकोन घेऊन त्यात दाणे एका थरात पसरावेत, ढीग करू नये. कडा दुमडून सपाट पुडी करावी आणि ती कार्डाच्या आत खालच्या डाव्या बाजूला डिंकाच्या एका थेंबाने टेकवावी. पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तिकीट असते आणि तिथे शिक्का बसतो. पुडी त्या कोपऱ्याखाली आली तर दाण्यांचा चुरा होईल.

पाकीट

१९ सें. मी. रुंद व २२ सें. मी. उंच कागद घ्यावा. दोन्ही बाजूंना २ सें. मी. सोडून उभ्या रेघा आखाव्यात. वरून ३ सें. मी.वर एक आडवी रेघ आणि तिच्याखाली १० सें. मी.वर दुसरी. म्हणजे वर ३ चे झाकण, मध्ये १० चे अंग आणि खाली ९ ची पाठ झाली. झाकणाच्या व पाठीच्या बाजूच्या पट्ट्या कापून टाकाव्यात, अंगाच्या दोन पट्ट्या तशाच ठेवाव्यात. त्या आत दुमडून त्यांवर खळ लावावी, पाठ वर आणून चिकटवावी आणि ओझ्याखाली वाळवावी. कागदाची कोरी बाजू बाहेर राहील असे पाहावे, नाही तर पत्ता चित्रात हरवेल.

पत्ता आणि पोस्ट

कार्ड सणापूर्वी आठ-दहा दिवस तरी पोस्टात पडावे. खेड्याच्या पत्त्यात ‘मु.’ म्हणजे माणूस राहतो ते गाव आणि ‘पो.’ म्हणजे ज्या गावी टपाल येते ते. दोन्ही एकच असतील तर ‘मु. पो.’ लिहावे, वेगळी असतील तर दोन्ही नावे लिहावीत. नंतर तालुका, जिल्हा आणि पिन कोड. सहा आकड्यांचा हा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. एकाच नावाची गावे आपल्याकडे किती तरी आहेत. त्यांतले नेमके कोणते, हे पिन कोडवरून कळते. मुलगा किंवा भाऊ सैन्यात असेल, तर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि त्याने कळवलेला सैनिकी टपालाचा पत्ताच लिहावा. गावाचे किंवा ठाण्याचे नाव घालू नये. हलवा घातल्यावर पाकिटाचे वजन वाढते, म्हणून एक पाकीट आधी पोस्टात वजन करून पाहावे आणि मग तिकिटे घ्यावीत.

काय लिहावे

छापील वाक्ये उतरवून काढू नयेत. तीन ओळी पुरतात, पण त्या त्याच माणसाला लागू पडतील अशा असाव्यात. सासरी गेलेल्या लेकीला लिहा, तुझ्या गाईला कालवड झाली. वसतिगृहातल्या मुलाला लिहा, हुरडा भाजला, तुझी आठवण झाली. शिकवलेल्या गुरुजींना मुलाच्याच अक्षरात दोन ओळी जाऊ द्याव्यात, अशुद्ध असल्या तरी चालतील. ज्या घरी यंदा कोणी गेले आहे तिथे रंगीत कार्ड व हलवा पाठवू नये. कोऱ्या कागदावर साधी विचारपूस करावी. सणाच्या दिवशी अशा घराकडे कोणी फिरकत नाही, आणि तेव्हाच त्यांना माणसाची गरज असते.

एक कार्ड राखून ठेवा

आता सुरुवातीला सांगितले ते. दहा कार्डे करणार असाल तर अकरावे करा, आणि ते ज्या घराशी बोलणे तुटले आहे त्या घरासाठी ठेवा.

शेतकऱ्याच्या घरात असे एखादे दार बहुधा असतेच. बांध कोरला गेला म्हणून, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली म्हणून, वाटणीत आंब्याचे झाड कोणाकडे गेले म्हणून सख्खे भाऊ समोरासमोर राहून तोंड फिरवतात. त्यांची मुले शाळेत एका बाकावर बसतात आणि घरी येऊन ते सांगत नाहीत. बायका विहिरीवर भेटल्या तरी आजूबाजूला पाहून बोलतात. वाद पुरुषांचा असला तरी सणाच्या ताटात जागा रिकामी राहते ती सगळ्यांसाठी.

बहिणीची गोष्ट तर आणखी नाजूक. तिने वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागितला म्हणून माहेरचे दार बंद झाले, असे पुष्कळ घरांत झाले आहे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क कायद्याने २००५ पासून दिला आहे. हक्क मागणे हा काही गुन्हा नव्हे. जमिनीचे जे व्हायचे ते तलाठ्याकडे आणि कोर्टात होईल. तिला संक्रांतीचे कार्ड जायला त्याची अडचण नसावी.

या अकराव्या कार्डाचे पथ्य मात्र कडक आहे. त्यात बांधाचा, पाण्याचा, तारखेचा शब्द नको. ‘झाले गेले विसरू’ असेही लिहू नये, कारण काय झाले याविषयीच तर दोघांचे दुमत असते. ‘आमच्याकडून तिळगूळ’ एवढे लिहावे, खाली घरातल्या सगळ्यांची नावे घालावीत, मुलांचीही. आणि बहिणीच्या पाकिटात सहीचा कुठलाही कागद चुकूनही घालू नये. एकदा कार्डाबरोबर तसा कागद गेला, की पुढे तुमच्या प्रत्येक पाकिटाकडे ती संशयानेच पाहील.

हे कार्ड विकतचे असू नये. विकतचे पाठवणे सोपे आहे, आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असते. घरी केलेल्या कार्डात कोणी तरी बसून तीळ चिकटवले आहेत, पुडी बांधली आहे, हे हातात घेताच कळते. चुलतभावंडांपैकी एखाद्या पोराच्या हातचा वाकडा ठसा त्यावर असेल तर फारच चांगले. घर समोरच असले तरी हे कार्ड पोस्टानेच जाऊ द्या. हातात दिले तर घ्यावे की नाही, हे त्याला उंबऱ्यात चारचौघांसमोर ठरवावे लागेल. पोस्टाने आलेले कार्ड तो एकटा असताना उघडतो.

उत्तर येईलच असे नाही. त्याची वाट पाहत बसू नका आणि कोणापाशी बोलूनही दाखवू नका. उरलेले कागद, पुठ्ठे आणि डिंकाचा डबा जपून ठेवा. उत्तर नाही आले, तर पुढच्या संक्रांतीला त्याच पत्त्यावर पुन्हा एक कार्ड पाठवा.