पैसे भरण्याआधी विचारा : पावसात नाणेघाट–भीमाशंकरला निघालेल्या नवी मुंबईकरांना आवाहन



जून लागला. वाशी, नेरूळ, खारघर, पनवेलहून शुक्रवारी रात्री सुटणाऱ्या ट्रेकच्या बसगाड्यांच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागल्या आहेत. एका दिवसाच्या भटकंतीबरोबर त्यांत आता ‘नाणेघाट ते भीमाशंकर’ हा तीन-चार दिवसांचा रेंज ट्रेकही असतो : राहणे, जेवण, गाइड सगळे धरून, नवख्यांनाही चालेल अशा हमीसह. ही हमी खोटी आहे. या वाटेवर मी बरीच वर्षे जातो आहे, आणि माझे स्पष्ट सांगणे आहे की भर पावसात अनोळखी बॅचबरोबर हा ट्रेक करू नका. पैसे भरले असतील तर आजच आयोजकाला फोन करा आणि पुढे लिहिले आहे ते विचारा.

वाट सुंदर आहे, यात शंका नाही. मुरबाडच्या पुढे वैशाखरे गावापाशी गाडी सोडायची आणि सातवाहनांच्या काळापासून माणसे ज्या घाटाने कल्याण बंदराकडून जुन्नरला माल नेत होती, त्याच घाटाने चढायचे. माथ्याजवळच्या गुहेत भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती, नाणी यांचे आकडे त्यात कोरले आहेत. आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज त्यांतली फक्त पावले आणि वरची नावे उरली आहेत. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून ओळखला जातो. पुढे घाटघर, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे आणि शेवटी शेकरूंचे भीमाशंकरचे रान. दोन हजार वर्षांचा महाराष्ट्र पायांनी वाचावा अशी ही वाट आहे, म्हणून तर ती कोणाच्याही हाती सोपवून चालणार नाही.

जीवधन गडावर पश्चिमेकडून, कल्याण दरवाज्याने चढणारी वाटच उदाहरणादाखल घ्या. या गडाच्या पायऱ्या १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. आज तिथे कातळटप्पा आहे, आणि तो दोर लावून चढावा लागतो. कोरड्या दिवसांतही तिथे दोर कुठे बांधायचा, कोणाला आधी पाठवायचे, घाबरलेल्याला मध्येच कसे थांबवायचे, हे जाणणारा माणूस वर आणि एक खाली लागतो. पावसात त्या कातळावर शेवाळ चढते, वरून पाणी येते आणि चाळीसजणांची रांग अरुंद कपारीत तासन्‌तास ताटकळते. याच वाटेखाली एका बॅचच्या लीडरने आम्हाला विचारले होते, “वाट इकडूनच ना?” त्याच्यामागे पंचविसेक मुलेमुली उभी होती. त्या सगळ्यांनी ‘गाइडेड’ ट्रेकचे पैसे भरले होते.

जीवधनच्या पुढे धोका वेगळा आहे. ढाकोबाकडे जाताना वाट कोकणात तुटलेल्या कड्याच्या कडेकडेने जाते. गवत वाढले की ढोरवाटा फुटतात, धुके उतरले की चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. मोबाइलमधला नकाशा तिथे रेघ दाखवतो, पण ती रेघ ओढणारा कोणत्या महिन्यात गेला होता हे दाखवत नाही. घाटघर, दुर्गवाडी, आहुपे इथल्या महादेव कोळी कुटुंबांना मात्र ही वाट हिरडा गोळा करता करता पाठ झालेली असते. त्यांच्यापैकी कोणाला तरी पूर्ण मजुरी देऊन, पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत सोबत घेतले आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. ‘गावात गेल्यावर बघू’ असे उत्तर आले तर जाऊ नका.

दुसरा प्रश्न नोंदणीचा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणीचा कागद मागण्यात संकोच कसला? एका लीडरमागे किती माणसे, त्याचे गिर्यारोहणाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणते, दोर कोण लावणार, वाट सोडून खाली उतरायची वेळ आली तर कोणत्या घाटाने उतरवणार, हेही विचारा. भीमाशंकरहून खांडसला उतरताना पावसात शिडी घाट कोणी सुचवला, तर तो आयोजक तिथेच बाद समजा. गणपती घाट लांबचा आहे, पण उतरायचे त्यानेच.

अपघात झाला तर कोण येते, याचाही विचार करा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रे नेता आली नाहीत, मदत पायी चढत गेली. आपल्या नवी मुंबईच्या अग्निशमन दलातले एक अधिकारी त्या चढावरच हृदयविकाराने गेले. डोंगरातली मदत अशी असते. ११२ ला फोन लागला तरी गावकरी आणि गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक नोकरी-धंदा सोडून, अंधारात, पावसात, जीव धोक्यात घालून तुमच्यापर्यंत चालत येतात. निष्काळजी आयोजकाने वाचवलेल्या पैशांची किंमत ते मोजतात. मला याचा मनापासून संताप येतो.

आणि जे दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत, नीट तयारीने जातील त्यांना हात जोडून विनंती. नाणेघाटच्या गुहेत चूल पेटवू नका. धूर लेखावर बसतो. भिंतीला खडू, कोळसा, पाणी काहीही लावू नका. ते केंद्राने संरक्षित केलेले स्मारक आहे आणि त्याची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गडावरच्या टाक्यांत भांडी घासू नका, पाय घालू नका. उन्हाळ्यात तेच पाणी माणसांना आणि गुरांना पुरवायचे असते. जीवधनच्या धान्यकोठीत पायाखाली राख लागते. १८१८ च्या धामधुमीत जळालेल्या धान्याची ती राख, असे सांगतात. तिथे रात्रीच्या पार्टीचा कचरा टाकून येणाऱ्याला पुन्हा कोणत्याही बॅचमध्ये घेऊ नका.

आईवडिलांनो, मुलगा किंवा मुलगी ट्रेकला निघाली की आयोजकाचे नाव, वाटेतल्या गावांची नावे आणि स्थानिक वाटाड्याचा नंबर लिहून घ्या. सोसायट्यांनी, महाविद्यालयांनी आणि कंपन्यांनी पावसाळ्यातल्या रेंज ट्रेकची सामूहिक नोंदणी या वर्षी थांबवावी.

पर्यटन संचालनालयाचे कोकण विभागाचे कार्यालय आपल्याच शहरात, सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात आहे. आयोजकाच्या नोंदणीबद्दल शंका असेल तर तिथे जाऊन चौकशी करा, आणि ती शुक्रवारची बस सुटण्याआधी करा.