झबले वर करा, श्वास मोजा

थंडीच्या दिवसांत मूल खोकू लागले की घरातले सगळे त्याच्या कपाळाला हात लावून पाहतात आणि ताप नाही म्हणून निर्धास्त होतात. पण न्यूमोनियाची खरी खूण कपाळावर नसते, ती छातीवर दिसते. जयपूरच्या आदर्श नगरातले पक्के घर असो की गडचिरोलीतली झोपडी, ही खूण आईलाही ओळखता येते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ साली सुरू केलेल्या प्रयोगात गावातल्या आरोग्यसेवकांना व सुईणींना श्वास मोजायला शिकवले. आकडे न येणाऱ्यांसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे साधन बनवले. दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा! न्यूमोनिया ओळखून गावातच औषध दिले गेले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते.

मोजायचे कसे? मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना झबले वर करा. पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. २ महिने ते १ वर्षाच्या मुलाचे श्वास ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. २ महिन्यांहून लहान बाळाचे ६० किंवा अधिक भरले तर पुन्हा एकदा मोजा आणि तेवढेच आले तर थेट रुग्णालय गाठा.

काही लक्षणे दिसली तर मात्र मोजत बसू नका. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येणे, ओठ-जीभ निळसर पडणे, दूध न ओढणे, उठवूनही जागे न होणे, झटके येणे. यातले एकही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा.

मेळघाटात आणि राजस्थानात आजारी बाळाच्या पोटावर डागण्याचे प्रकार अजूनही उघडकीस येतात. त्याने आजार हटत नाही, जखम तेवढी वाढते. शहरातली घरे डागत नाहीत, पण खोकल्याचे उरलेले औषध पाजून ‘सकाळी पाहू’ म्हणतात. छाती आत ओढली जात असताना सकाळची वाट पाहणे तितकेच घातक आहे.