पाटी चुकीची, फरफट वाचणाऱ्याची

स्क्रीन रीडर लावून एखादा मराठी अर्ज भरायला घेतला की पुष्कळदा कानावर एवढंच पडतं : 'एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. कॉम्बो बॉक्स.' डोळ्यांनी पाहणाऱ्याला त्याच चौकटींशेजारी 'आडनाव', 'वडिलांचे नाव', 'तालुका' असं स्वच्छ मराठीत लिहिलेलं दिसत असतं. ऐकणाऱ्याला तिथे काही लिहिलंय याचाच पत्ता नसतो. अर्ज मराठीत, पण पानाच्या पोटात नोंद मात्र 'हे पान इंग्रजी आहे' अशी. स्क्रीन रीडर त्या नोंदीवर भरवसा ठेवून इंग्रजी आवाज लावतो, आणि विंडोजबरोबर येणाऱ्या इंग्रजी आवाजांना देवनागरी समजत नाही. ते ती अक्षरं मुकाट्याने गाळून पुढे जातात. चुकीचा उच्चार निदान खटकतो. शांतता खटकतही नाही. इथे काही नसेलच असं समजून माणूस पुढची चौकट गाठतो.

अशा अडचणींवर अंध वाचकांनी गेल्या काही वर्षांत भरपूर तोडगे शोधलेत. ते व्हॉट्सॲपच्या गटांत फिरतात, प्रशिक्षणवर्गांत शिकवले जातात. आता दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, तोडगे चालतायत ना, मग तेच सगळ्यांना नीट शिकवा. दुसरं म्हणतं, हे तोडगे शिकवत राहिलो तर मूळ चूक कुणीच दुरुस्त करणार नाही. दोन्ही मतं अनुभवातून आलेली आहेत, म्हणून एकाही बाजूला झटकन हात वर करता येत नाही.

आधी चूक कुठे होते ते पाहू. युनिकोड अक्षराला क्रमांक देतं, भाषेला देत नाही. मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत या सगळ्यांचा 'क' एकच. मजकूर कुठल्या भाषेतला आहे हे वेगळं सांगावं लागतं. वेबपानात त्यासाठी अगदी वरच्या ओळीत 'लँग' नावाची एक खूण असते आणि मराठीसाठी तिथे 'एमआर' ही दोन अक्षरं लिहायची असतात. ती नसतील तर वाचणारं यंत्र स्वतःचा अंदाज बांधतं. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरबरोबर येणाऱ्या 'ईस्पीक' या आवाजाचंच घ्या. तो इंग्रजीवर लावलेला असताना देवनागरी समोर आली, तर तो तिला हिंदी समजून वाचतो. मग 'ज्ञान' 'ग्यान' होतं, 'चमचा'तला दंततालव्य 'च' 'चिमणी'तल्यासारखा ऐकू येतो, 'पैसा'तल्या 'ऐ'ला हिंदी वळण लागतं, आणि वीजबिलावरचा ४५ हा आकडा 'पंचेचाळीस'ऐवजी 'पैंतालीस' होऊन येतो. सरावलेला माणूस हे मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. नुकतीच दृष्टी गेलेल्या, साताऱ्याकडच्या एखाद्या आजींना मात्र आपलं यंत्रच बिघडलंय असं वाटतं.

ही चुकीची नोंद बहुतेक वेळा कुणी मुद्दाम करत नाही. मराठीतली कितीतरी छोटी साप्ताहिकं, दिवाळी अंकांची आणि संस्थांची संकेतस्थळं वर्डप्रेसवर चालतात. ते बसवताना 'साइट लँग्वेज'चा रकाना इंग्रजीवरच सोडला जातो, कारण चालवणाऱ्याला मेनू इंग्रजीत सोयीचे वाटतात. त्या एका रकान्यामुळे संकेतस्थळावरचं प्रत्येक पान 'ईएन-यूएस', म्हणजे अमेरिकी इंग्रजी, अशी पाटी लावून बाहेर पडतं. संपादकाच्या सोयीसाठी केलेली निवड वाचकाच्या कानापर्यंत जाते आणि संपादकाला ती कधी ऐकूच येत नाही. खरं तर २०१६च्या डिसेंबरात आलेल्या वर्डप्रेस ४.७ पासून ही गाठ सुटलेली आहे. साइटची भाषा मराठी ठेवून प्रत्येकाला आपल्या प्रोफाइलमध्ये स्वतःपुरते मेनू इंग्रजीत ठेवता येतात. हे ठाऊक असलेले संपादक फार भेटत नाहीत. सरकारी पोर्टलांवर दुसराच प्रकार दिसतो. कोपऱ्यात 'मराठी' असं बटण असतं, ते दाबलं की शब्द बदलतात, पण पोटातली पाटी 'ईएन' ती 'ईएन'च राहते.

वर्डमध्ये तर आणखी मौज आहे. वर्ड देवनागरीला अरबी-हिब्रूबरोबर 'गुंतागुंतीच्या लिप्यां'च्या खात्यात टाकतो, आणि नेहमीच्या कोऱ्या फायलीत त्या खात्याची ठरलेली भाषा पुष्कळदा सौदी अरेबियातली अरबी असते. मराठी परिपत्रकावर अरबीची पाटी! पाहणाऱ्याला याचा काडीचा त्रास नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

आता तोडगे. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट-कंट्रोल-व्ही दाबलं की आवाजाच्या सेटिंग्ज उघडतात. तिथे भाषा आपोआप बदलण्याचा चौकोन असतो, आणि तो मुळातच टिक केलेला येतो. जाणते वापरकर्ते ती टिक काढून टाकतात आणि ईस्पीकचा मराठी आवाज कायमचा लावून ठेवतात. देवनागरी मराठी पद्धतीने वाचली जाते, रोमन अक्षरं आली की ईस्पीक स्वतःहून इंग्रजीवर जातो, आणि पानाची पाटी काय सांगते याच्याशी देणंघेणं उरत नाही. काही जण वेगवेगळे प्रोफाइल करतात : ब्राउझरला एक, एक्सेलला दुसरा. काही उच्चारकोशात नोंदी भरतात, 'ज्ञ' आला की 'द्न्य' म्हण. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक या स्क्रीन रीडरच्या वाचन-नियंत्रणांत बोलण्याची भाषा बदलता येते, आयफोनच्या रोटरमध्येही ती सोय आहे. अँड्रॉइड १३पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे फोन इंग्रजीत आणि एखादंच ॲप मराठीत असंही जमतं. आणि सगळ्यात जुना तोडगा म्हणजे सॉफ्टवेअरच इंग्रजीत ठेवायचं. विंडोज मराठीत मिळत असूनही पुष्कळ प्रशिक्षक नवख्यांना इंग्रजीच ठेवायला सांगतात.

या शेवटच्या सल्ल्यावर मराठीप्रेमी लगेच चिडतात. तसं चिडू नये. मदतीची पानं, शॉर्टकटच्या याद्या, ध्वनिफिती, अडल्यावर फोन करून विचारायची माणसं हे सगळं इंग्रजी मेनू गृहीत धरून उभं आहे. 'फाइल'ऐवजी मेनूत दुसरा शब्द आला, त्याबरोबर ऑल्टसोबत दाबायचं अक्षर बदललं, की शिकवलेलं अर्धं निकामी होतं. जॉज या स्क्रीन रीडरसाठी लोकांनी लिहिलेल्या काही स्क्रिप्ट तर खिडकीचं इंग्रजी नाव शोधूनच चालतात; नाव मराठी झालं की त्यांना खिडकी सापडत नाही. ज्याला पुढच्या महिन्यात बँकेच्या परीक्षेला बसायचंय त्याला भाषाभिमानाचा धडा देण्यात अर्थ नाही.

तोडग्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला वजनदार वाटते. तोडगा वाचकाच्या हातात असतो. संकेतस्थळवाल्याला पत्र लिहा, उत्तराची वाट पाहा, सहा महिन्यांनी आठवण करा, यापेक्षा एक टिक काढून आजचा पेपर आज वाचणं केव्हाही बरं. एनव्हीडीएचा जन्मच या वृत्तीतून झाला. महागडे स्क्रीन रीडर परवडत नाहीत म्हणून मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ऑस्ट्रेलियात तो लिहायला घेतला आणि फुकट वाटला. आपल्याकडच्या कितीतरी दृष्टिहीन विद्यार्थ्यांचं शिक्षण आज त्याच्यावर चाललंय. करनने वाट पाहिली नाही, हे विसरून तोडग्यांना कमी लेखू नये.

पण किंमत मोजावी लागतेच. ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे. वेगात ऐकणारे जुने लोक त्याच्यावर खूश असतात, पण गोड, मानवी आवाजाची सवय झालेल्याला त्यात दिवाळी अंकातली कथा ऐकवत नाही. चांगला मराठी आवाज निवडायलाही वाव कमी आहे. विंडोज १०मध्ये हिंदीसाठी हेमंत आणि कल्पना हे आवाज मिळत, मराठीला असा आवाज नव्हता. शिवाय एकदा स्वयंचलित बदल बंद केला की समोर खरोखरच हिंदी पान आलं तरी ते मराठी उच्चारांत वाचलं जातं. चूक मिटत नाही, उलट्या दिशेने वळते. आणि हे सगळं ज्याला सेटिंग्जच्या इंग्रजी पानांतून वाट काढता येते त्याच्यासाठी. ज्याला फक्त मराठी येतं त्याला मराठी ऐकायला मिळावं म्हणून आधी इंग्रजी यावं लागतं. हा उफराटा न्याय आहे.

याहून खोल नुकसान वेगळंच आहे. पाट्या खोट्या असतात हे अनुभवाने कळल्यावर वाचक पाट्या वाचणंच बंद करतो. मग ज्या मोजक्या संकेतस्थळांनी कष्ट घेऊन खरी पाटी लावली, त्यांच्याही कष्टांचा उपयोग होत नाही. उद्या एखाद्या संपादकाने विचारलं, 'आम्ही दुरुस्ती केली, कुणाला फरक पडला?', तर प्रामाणिक उत्तर 'फारसा नाही' असंच निघेल. म्हणून माझ्या मते चुकीची पाटी ही पाटी नसण्यापेक्षा वाईट. एसटीला पाटीच नसेल तर माणूस कंडक्टरला विचारतो; नाशिकच्या गाडीला पुण्याची पाटी असेल तर न विचारता चढून बसतो. पानावर भाषेची खूणच नसेल तर स्क्रीन रीडर वाचकाने स्वतः निवडलेला आवाज वापरतो, आणि मराठी वाचकाने तो बहुधा मराठीच निवडलेला असतो. नियमाच्या पुस्तकात खूण नसणं हाही दोषच आहे, हे मान्य. पण कानाला विचाराल तर दोन्ही दोष सारखे नाहीत.

यंत्रालाच भाषा ओळखू द्या, असं हल्ली सुचवलं जातं. लांब परिच्छेदात ते जमतंही. 'आहे', 'आणि', 'ळ', 'ऱ्य' दिसले की मराठी ओळखू येते. पण अर्जातला एकटा 'पद', 'वय' किंवा 'राज्य' घ्या. हे मराठी की हिंदी, हे माणसालाही सांगता यायचं नाही. आणि अंदाज सर्वांत जास्त चुकतो तो नेमका छोट्या मजकुरात, म्हणजे अर्जात, बटणांवर, बँकेच्या संदेशांत. कथेत एखादा उच्चार चुकला तर चालून जातं, अर्जात चालत नाही.

संकेतस्थळं चालवणाऱ्यांचंही ऐकलं पाहिजे. आपलं मराठी लेखन निखळ मराठी राहिलेलं नाही. एका वाक्यात दोन इंग्रजी शब्द येतात, कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये. प्रत्येक शब्दाला वेगळी खूण लावायची म्हटलं तर छोट्या साप्ताहिकाच्या दोन माणसांनी दुसरं काही करायलाच नको. आणि तसं केलं तरी ऐकणाऱ्याला ते नको असतं : वाक्याच्या मधोमध आवाज बदलतो, वेग बदलतो, पुन्हा पहिला आवाज येतो, आणि अर्थ हातातून निसटतो. डब्ल्यूसीएजी या वेब-सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनीही हे ओळखलंय. विशेषनामं, तांत्रिक संज्ञा आणि भाषेत मुरलेले शब्द त्यांनी वेगळी खूण लावण्याच्या बंधनातून वगळले आहेत. अख्ख्या पानाची भाषा सांगणं मात्र त्यांनी सगळ्यात प्राथमिक, 'ए' पातळीवर ठेवलंय. म्हणजे मागणी अवाजवी नाही. शब्दाशब्दाला खूण नको, पानाला एक खरी खूण हवी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेबद्दलच आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण 'एमआर' ही दोन अक्षरं लिहायला न्यायालयात जावं लागावं, हे काही बरं लक्षण नव्हे.

तेव्हा तोडगे शिकवावेत, मनापासून शिकवावेत. प्रशिक्षणवर्गांनी ते मराठीत लिहून काढावेत, म्हणजे मराठी ऐकण्यासाठी इंग्रजीची अट उरणार नाही. मात्र शिकवताना हा वाचकाचा स्वतःपुरता इलाज आहे, हेही सांगावं. एखाद्या खात्याने किंवा बँकेने तक्रारीला 'तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग बदला' असं उत्तर दिलं, तर ते मान्य करू नये. वाचकाने काढलेली पळवाट ही वाचकाची हुशारी. प्रकाशकाने तिच्यावर विसंबून राहणं हा हलगर्जीपणा. एक रकाना बदलायला प्रकाशकाला दोन मिनिटं लागतात. वाचकाला तीच चूक रोज, प्रत्येक पानावर नव्याने चुकवावी लागते. दुरुस्ती कुणी करायची, याचा निकाल या हिशेबातच आहे.

मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रत्येकाला म्हणून विनंती : आपलं पान संगणकावर ब्राउझरमध्ये उघडून कंट्रोल-यू दाबा आणि वरच्या ओळींत 'लँग' शोधा. तिथे 'ईएन' दिसलं तर आजच 'एमआर' करा. वर्डप्रेस असेल तर 'साइट लँग्वेज' मराठी करा आणि मेनू इंग्रजीच हवे असतील तर ते प्रोफाइलमधून घ्या. मग स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या वाचकाला ते पान ऐकायला सांगा. सुरुवात अर्जाच्या पानापासून करा, लेख थांबू शकतात.