दोन पेन्शनी आणि एक उंबरठा



म्हाताऱ्या माणसाच्या हाती महिन्याकाठी चार पैसे येत असले म्हणजे घरात त्याच्या शब्दाला वजन राहते. औषधाची बाटली असो की नातवंडाचा खाऊ असो, त्यासाठी त्याला मुलासुनेपुढे हात पसरावा लागत नाही. म्हणूनच पेन्शनीचा अर्ज नामंजूर होतो, तेव्हा दुःख केवळ पैशांचे नसते. “शेजाऱ्याला मिळते, मग मला का नाही?” हा प्रश्न मनात सलत राहतो. कोणी म्हणतो वशिला लागतो, कोणी म्हणतो नशीब. खरे उत्तर बहुधा एकाच शब्दात असते, आणि तो शब्द म्हणजे ‘मर्यादा’. परंतु मर्यादा एकाच जातीची नसते. आपल्या वाटेत नेमकी कोणती मर्यादा उभी आहे हे ज्याला कळले, त्याला पुढचे पाऊल कोठे टाकावे हेही कळते.

उदाहरणासाठी आपण बेल्लमपल्लीकडे वळू. काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गावरील हे कोळशाचे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ च्या ऑक्टोबरपासून ते मंचिर्याल जिल्ह्यात मोडते. येथील खाणी सिंगरेणी कंपनीच्या. या कंपनीत राज्य सरकारचा वाटा ५१ टक्के व केंद्र सरकारचा ४९ टक्के. अशा गावात शेजारीशेजारी राहणारे दोन वृद्ध डोळ्यांसमोर आणा. एकाचा जन्म खाणीत कोळसा काढण्यात गेला, दुसऱ्याचा मिळेल ती मोलमजुरी करण्यात.

खाणकामगाराला ‘कोळसा खाण पेन्शन योजना, १९९८’ या योजनेतून पेन्शन मिळते. ती धर्मादाय नव्हे. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसाही तिच्यात असतो. सेवेच्या अखेरच्या दहा महिन्यांचे सरासरी वेतन धरून त्याच्या फार तर चौथ्या हिश्श्याइतकी पेन्शन बसते. नोकरी कमी वर्षांची असेल, तर त्याहून कमी. समजा, आपला वृद्ध १९९९ साली निवृत्त झाला आणि त्याचे सरासरी वेतन सहा हजार रुपये होते. त्याची पेन्शन फार तर दीड हजार रुपये ठरली. या योजनेस महागाई भत्ता जोडलेला नाही. त्यामुळे १९९९ साली ज्या दीड हजारांत घर चालत होते, त्याच दीड हजारांवर तो आजही आहे. डाळतांदळाचे भाव मात्र १९९९ सालीच थांबून राहिले नाहीत.

आता दुसऱ्या म्हाताऱ्याकडे पाहू. त्याच्यासाठी तेलंगण सरकारची ‘आसरा’ पेन्शन आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली, तेव्हा वृद्धांस व विधवांस दरमहा १,००० रुपये मिळत. २०१९ साली ही रक्कम २,०१६ रुपये झाली. तिच्यासाठी पगारातून काही कापलेले नसते. ती गरजेपोटी दिली जाते. आणि गरज कोणाची, हे ठरविण्यासाठी दारावर अटी लावलेल्या आहेत. योजनेच्या मूळ नियमांप्रमाणे तीन एकरांहून अधिक बागायत किंवा साडेसात एकरांहून अधिक कोरडवाहू जमीन असेल, तर अर्ज चालत नाही. मुलगा सरकारी, निमसरकारी वा खाजगी नोकरीत असेल, तरी चालत नाही. दारी चारचाकी असेल, तरी नाही. वृद्धापकाळाची पेन्शन एका कुटुंबात एकालाच, शक्यतो स्त्रीला, द्यावी असेही त्यात म्हटले आहे. आणि ज्याला आधीच सरकारी पेन्शन मिळते, त्याला ही मिळत नाही.

या शेवटच्या अटीपाशी आपला खाणकामगार अडतो. त्याची दीड हजारांची पेन्शन अधिकाऱ्याने या सदरात धरली की अर्ज तेथेच संपला. ज्याने कधी खाणीत पाऊल टाकले नाही, त्याला दोन हजार सोळा. आणि ज्याने उमेदीची वर्षे जमिनीखाली काढून पगारातून पैसा भरला, त्याला दीड हजार! शेजाऱ्याला जास्त मिळाले याचा मत्सर करू नये, हे खरे. तो बिचारा तितकाच गरीब आहे. पण हिशेब कोठे चुकला, हे विचारण्याचा अधिकार खाणकामगाराला निश्चितच आहे.

हा हिशेब समजण्यासाठी मर्यादांच्या तीन जाती ओळखाव्या लागतात.

पहिली उंबरठ्याची मर्यादा. वय, जमीन, उत्पन्न, मुलाची नोकरी या गोष्टी पाहून कोणाला आत घ्यावे हे ती ठरविते. हिच्यातील धोका असा की, रुपयांत ठरविलेला उंबरठा महागाईबरोबर आपोआप वर सरकत नाही. महाराष्ट्रात १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपयेच होती. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. इकडे अनुदान वाढत २०२३ साली १,५०० रुपयांवर गेले, पण उंबरठा जागच्या जागी राहिला. प्रामाणिकपणे मजुरी करणाऱ्या घराला तो ओलांडायला कितीसा वेळ लागणार?

दुसरी मापाची मर्यादा. आत घेतल्यावर किती द्यावयाचे, हे ती ठरविते. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनीत साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धामागे केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे, आणि २००७ पासून तो तेवढाच आहे. ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर तो ५०० होतो. उरलेला भार ज्या त्या राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व इच्छेप्रमाणे उचलावयाचा. नदीच्या अल्याड एक रक्कम व पल्याड दुसरी, याचे कारण हेच.

तिसरी जोडीची मर्यादा. एक लाभ घेणाऱ्याला दुसरा द्यावा की नाही, हे ती ठरविते. आपल्या खाणकामगाराला नडली ती हीच.

जोडीची मर्यादा असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. सरकारची तिजोरी म्हणजे अक्षय थाळी नव्हे. एकाच्या ताटात दोनदा वाढले, तर पंगतीच्या टोकाला कोणीतरी उपाशी राहतो. श्रीमंत देशांनाही हे चुकलेले नाही. ब्रिटनने २०१३ साली काम न करणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या एकूण सरकारी साहाय्यावर वर्षाला २६,००० पौंडांचे झाकण बसविले आणि २०१६ साली ते आणखी खाली आणले. प्रश्न मर्यादा असावी की नसावी हा नाही. ती कशी लावावी, हा आहे.

आणि येथे आपल्या शेजारचेच एक उदाहरण उपयोगी पडते. बेल्लमपल्लीहून उत्तरेस जाणारी गाडी पुढे चंद्रपूर जिल्ह्यात शिरते. तेथील महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना काढली आणि स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देऊ केले. दुसऱ्या सरकारी योजनेतून जिला आधीच दीड हजार किंवा अधिक मिळतात, तिला ही रक्कम नाही. परंतु जिला शेतकरी सन्मान योजनांतून वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार मिळतात, तिला दारातून परत पाठविले नाही. वरचे ५०० रुपये देण्याचे ठरले. दोन्ही मिळून रक्कम दीड हजारच राहते, त्यामुळे तिजोरीवर दुहेरी भार पडत नाही आणि त्या बाईचे नुकसानही होत नाही.

हीच फरकाची पद्धत बेल्लमपल्लीच्या वृद्धाला लावून पाहा. २,०१६ मधून १,५०० वजा केले की ५१६ रुपये उरतात. एवढे त्याला दिले, तर मर्यादाही पाळली जाईल आणि घाम गाळून मिळविलेली पेन्शन त्यालाच शिक्षा ठरणार नाही. कामगार संघटनांनी, ग्रामसभांनी व मत मागावयास दारी येणाऱ्या उमेदवारांनी विचार करावा, असा हा साधा हिशेब आहे.

तोवर घरच्या माणसांनी काय करावे? अर्ज नामंजूर झाला, तर कारण लेखी मागावे. तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कारण दिले नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. तेलंगणात जिल्हाधिकारी कचेरीत सोमवारी ‘प्रजावाणी’ भरते, तेथे गाऱ्हाणे मांडता येते. चालू पेन्शन एकाएकी थांबली, तर मर्यादेला दोष देण्यापूर्वी हयातीचा दाखला वेळेवर दिला होता की नाही हे पाहावे. अनेकदा चूक तेवढीच असते आणि ती सुधारता येते. आधार कार्डावरील वय व बँकेतील नाव जुळते की नाही, हे लिहितावाचता येणाऱ्या नातवाने एकदा बसून तपासावे. दलालाच्या हाती पैसे देऊ नयेत, कारण नियमात बसणाऱ्याला त्याची गरज नसते आणि न बसणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. आणि जमीन किंवा दुसरी पेन्शन लपवू तर मुळीच नये. उघडकीस आल्यावर वसुलीची नोटीस येते, ती म्हाताऱ्याच्या नावाने. तेव्हा युक्ती सांगणारा शेजारी कोठेच दिसत नाही.

शेवटी एक गोष्ट मुलांसाठी. बापाच्या पेन्शनीला मुलाच्या नोकरीमुळे नकार मिळतो, तेव्हा सरकारने असे गृहीत धरलेले असते की मुलगा बापाला पोसतो आहे. हे गृहीत कागदावर खरे ठरले, पण घरात खोटे ठरले, तर म्हातारा दोन्हीकडून उपाशी राहतो. सरकारच्या मर्यादेविरुद्ध भांडता येईल आणि भांडावेही. परंतु कमावत्या मुलाने पगाराच्या दिवशी बापाच्या हाती न मागता काही रक्कम ठेवावी, यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.