औषध नको, हात आवरा

हल्ली आपल्या वस्त्यांतूनही बऱ्याच घरांत टीव्हीशेजारी माशांची काचपेटी दिसते. चांगली गोष्ट आहे; मुलांना मुक्या जीवांची माया लागते. पण चार-सहा महिन्यांत गृहिणींची तक्रार येतेच, "पेटीत गोगलगायी फार झाल्या हो, कोणतं औषध टाकू?" कुणी मोरचूद सुचवतो, कुणी दुकानातली बाटली. म्हणून या आठवड्यात त्याविषयीच लिहीत आहोत.

या गोगलगायी बहुधा कुणी मुद्दाम आणत नाही. विकत आणलेल्या पाणवनस्पतींच्या पानांमागे चिकट, पारदर्शक गोळ्यांत त्यांची अंडी असतात. काही जातींत नर-मादी एकाच देहात असल्याने एकटी गोगलगायसुद्धा वंश वाढवते. खडीत दडणारी, निमुळत्या शंखाची जात तर थेट पिलेच देते. सबब, दोन-चार वेचून काम भागत नाही.

मग विष टाकावे काय? मोरचुदातील तांबे गोगलगायी मारते, तसे कोळंबीलाही मारते आणि प्रमाण चुकले तर माशांनाही. शिवाय शेकडो गोगलगायी एकदम मेल्या की पाण्यात कुजतात, अमोनिया वाढतो आणि ज्यांच्यासाठी खटाटोप केला ते मासेच दगावतात.

आपण विहारात पंचशील घेतो. प्राणिहिंसेपासून अलिप्त राहणे हे त्यातले पहिले शील. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. त्या कसोटीवर पाहू. इथे मारण्याची गरज आहे काय? आमच्या मते नाही, कारण वाढीचे मूळ आपल्याच हातात आहे. मासे खातात त्याहून जास्त खाद्य आपण टाकतो. उरलेले तळाशी साचते, त्यावर गोगलगायी पोसतात. धम्म आपल्याला कारण शोधून ते दूर करायला सांगतो. इथेही तेच करायचे.

मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य घाला. घरात चौघांनी चार वेळा नव्हे, एकानेच टाकावे. मुलांपैकी एकाकडे ही जबाबदारी द्या. आठवड्यातून एकदा नळीने खडीतला गाळ ओढून पाव हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी क्लोरीन जाण्यासाठी आदल्या दिवशी भरून ठेवा. रात्री काकडीची चकती किंवा उकडलेले पालकाचे पान दोऱ्याने दगडाला बांधून तळाशी सोडा. सकाळी त्यावर जमलेल्या गोगलगायींसकट बाहेर काढा. नवी वनस्पती दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा आणि अंडी दिसतील ती खरवडून काढा.

काढलेल्या गोगलगायी विहिरीत, नदीत वा नाल्यात सोडू नका. परक्या जाती बाहेरच्या पाण्यात पसरवणे ही करुणा नव्हे. एका बरणीत ठेवा आणि खायला बेताचेच द्या.

दीड-दोन महिन्यांत संख्या आपोआप आटोक्यात येते. मग दहा-बारा उरल्या तर राहू द्या. शेवाळ आणि उरलेसुरले खाऊन त्या पेटी स्वच्छच ठेवतात. मुलेही पाहतील की नको असलेल्या जीवावर पहिला उपाय विष हाच नसतो.

जयभीम!