दहा रुपयांचा अर्ज भरून देणार कोण?

प्राडाची चप्पल आठवते ना, मंडळी? जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या पायताणासारखी चप्पल घालून मॉडेल चालले आणि इथं कोल्हापुरात आपण सगळे पेटून उठलो. निषेध झाले, निवेदनं गेली, स्टेटस तर विचारूच नका. शेवटी कंपनीनं कबूल केलं की ही प्रेरणा भारतीय चपलेची. डिसेंबरात महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड, एका जोडाची किंमत साधारण आठशे युरो. बातमी संपली आणि आपणही पुढच्या विषयाला लागलो.

मी काही लागलो नाही. कारण त्या सगळ्या गदारोळात कामाची गोष्ट कुणी बोललंच नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. नोंदणीकृत मालक आहेत वरची दोन महामंडळं. पण जीआय मुख्यतः नावाचं आणि त्या नावामागच्या ओळखीचं रक्षण करतो. चपलेच्या आकाराचं किंवा वेणीचं नाही. शिवाय भारतातली नोंदणी भारतातच चालते. म्हणजे मिलानमध्ये 'कोल्हापुरी' हे नाव न वापरता कुणी तसली चप्पल दाखवली, तर आपला जीआय तिथं फारसा कामाचा नव्हता. हे त्या वेळी टीव्हीवर ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी सांगितलं?

मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली होती. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. कोर्टाचा मुद्दा सरळ होता: हक्क ज्यांचा आहे ते नोंदणीकृत मालक स्वतः येऊ शकतात, तुम्ही कोण? ऐकायला कडू लागतं, पण कायदा तसाच आहे. हक्क ज्याच्या नावावर, त्यानंच दार ठोठवायचं.

आता खरी गोम ऐका. कायद्यानं मालकाबरोबर आणखी एकाला हा हक्क दिलाय. 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून ज्या कारागिराची नोंदणी झाली आहे, त्याला जीआयचं नाव वापरण्याचा हक्क मिळतो आणि कलम २१ प्रमाणे कुणी नक्कल करून ते नाव लावलं तर दाद मागण्याचाही. दावा जिल्हा न्यायालयात घालता येतो, मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही. खोटा जीआय लावणं हा फौजदारी गुन्हासुद्धा आहे. आणि या नोंदणीच्या अर्जाची फी? पूर्वी पाचशे रुपये होती. २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर फक्त दहा रुपये. दहा! एका कटिंग चहाची किंमत.

मग कारागिरांच्या घरोघरी हे प्रमाणपत्र दिसायला पाहिजे की नको? मी ओळखीच्या कारागिरांना विचारत फिरलो. आयुष्यभर कापशी आणि पुकरी करणारे हात. बहुतेकांनी जीआयचं नाव ऐकलं होतं, 'अधिकृत वापरकर्ता' हा शब्द नव्हता ऐकला. एक आजोबा म्हणाले, "ते सरकारनं काढलंय न्हवं, आमाला काय करायचं त्यात?" त्यांचं काय चुकलं? जीआयची नोंदणी कचेरी चेन्नईला. अर्ज इंग्रजी वळणाचा. आपण खरंच या भागातले उत्पादक आहोत हे कागदावर दाखवायचं, महामंडळाशी पत्रव्यवहार करायचा. रांपी आणि अरी चालवणाऱ्या माणसानं हे कुठून शिकायचं? आणि तोवर रेक्झिनच्या पट्ट्या चिकटवून शंभर-दोनशेला 'ओरिजिनल कोल्हापुरी' ऑनलाइन विकली जातेय. प्राडापेक्षा हा चोर जवळचा आहे, आणि याच्यावर कायदा चालतोसुद्धा.

म्हणून माझं म्हणणं असं: आपल्याला आणखी एका निषेध मोर्च्याची गरज नाही. तालुक्याला दोन-चार माणसं हवीत, ज्यांना हा अर्ज भरता येतो.

ती माणसं आधीच आहेत! विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरा लीगल व्हॉलंटिअर, आपण ज्यांना विधी स्वयंसेवक म्हणतो ते. २००९ पासून नालसाची ही योजना चालू आहे. वकील नसलेली, पण कायद्याची तोंडओळख करून दिलेली गावातलीच माणसं. अर्ज लिहून देणं, योग्य कचेरीचं दार दाखवणं हेच त्यांचं काम. पण त्यांच्या प्रशिक्षणाचा भर असतो कौटुंबिक हिंसाचार, अटकेतले हक्क, बालहक्क, सरकारी योजना यांवर. ते हवंच, त्यात वाद नाही. पण ज्या जिल्ह्याच्या नावानं जगभर चप्पल विकली जाते, तिथल्या स्वयंसेवकाला जीआय शिकवायचा नाही, तर कुठल्या जिल्ह्यातल्या?

कुणी म्हणेल, बौद्धिक संपदा हा मोठ्या वकिलांचा विषय. दावा लढणं हा वकिलांचा विषय, मान्य. अर्ज भरणं नाही. कुणी म्हणेल, स्वयंसेवकांना मानधन तुटपुंजं, त्यात हे ओझं कशाला. मग मानधन वाढवा की! पण दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि मराठीत भरून दाखवलेला एक नमुना अर्ज, एवढ्याला कुणाचं ओझं होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीतल्या व्यक्तीला आणि कुठल्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. चपला करणारे बहुतेक चर्मकार समाजातले, आणि वेणी विणण्याचं कितीतरी काम घरातल्या बायका करतात. म्हणजे वकीलसुद्धा फुकट मिळण्याचा हक्क त्यांना आजच आहे. कायदा आहे, फी दहा रुपये आहे, मोफत वकील आहे. या तिन्हीला कारागिराच्या उंबऱ्यापर्यंत नेणारा माणूस तेवढा नाही.

आणि हे फक्त चपलेपुरतं नाही. हापूस, कोल्हापुरी गूळ, पैठणी, सोलापुरी चादर, सगळ्यांना जीआय आहे. कोकणातल्या बागायतदारानं स्वतःला विचारावं, आपण अधिकृत वापरकर्ते आहोत का? दुसरीकडचा आंबा हापूसच्या पेटीत घालून विकला जातो म्हणून दरवर्षी बोंब मारतो, त्याआधी हा कागद हातात आहे का?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं आणि लिडकॉमकडं मागणी एकच करूया: स्वयंसेवकांच्या पुढच्या प्रशिक्षणात जीआयचं सत्र ठेवा आणि कारागिरांच्या वस्तीत अर्ज भरण्याची शिबिरं घ्या. आपले नगरसेवक, आमदार इथं वाचत असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावं. प्राडाच्या वेळी कॅमेऱ्यापुढं चप्पल हातात धरून उभे होता, आता एका टेबलावर अर्ज घेऊन बसा.

ओळखीत कुणी कारागीर असेल तर त्याला एवढं नक्की विचारा: "तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालीय का?" नसेल तर खाली सांगा, तालुक्यासकट. यादी करू आणि सगळे मिळून प्राधिकरणाकडं जाऊ.