काळी-पिवळी थांबली म्हणून



दर आठवड्याला या जागेवरून आपण बियाणे, फवारणी आणि बोंडअळी यांविषयी बोलतो. आज पिकाची गोष्ट बाजूला ठेवू. आज मी तुम्हाला एका टॅक्सीचालकाची हकीकत सांगणार आहे. तीत माझी स्वतःची एक चूकही आहे. तीही सांगितली पाहिजे, नाहीतर हकीकत अर्धी राहील.

२०१२ सालचा डिसेंबर होता. कापसाचा दुसरा वेचा चालू होता. हिंगणघाट तालुक्यातील शेतभेटी आटोपून मी वर्ध्याला निघालो. चार वाजता बैठक होती आणि एस. टी. चुकली, म्हणून काळी-पिवळीत पुढच्या जागेवर बसलो. मागे नेहमीप्रमाणे माणसे दाटीवाटीने बसली होती.

वायगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक बंडी उलटलेली दिसली. डांबरावर पांढरा कापूस पसरला होता. एका ट्रकने मागून धक्का दिला होता आणि तो निघून गेला होता. साठीच्या घरातला एक शेतकरी खाली पडला होता. मांडीतून रक्त वाहत होते. चार माणसे भोवती उभी होती, पण हात कोणी लावत नव्हते. आमच्यापुढच्या दोन मोटारसायकली हळू झाल्या आणि तशाच पुढे गेल्या.

आमच्या चालकाने गाडी थांबवली. मी त्याला म्हणालो, "भाऊ, पुढच्या गावातून फोन करू. पोलिसांच्या लफड्यात कशाला पडतोस?" होय, हे मीच म्हणालो. शिकलेला माणूस, सरकारी नोकर, आणि शेतकऱ्यांच्या भल्यासाठी पगार घेणारा.

त्याने मला उत्तर दिले नाही. मागच्या लोकांना म्हणाला, "उतरा बाप्पा सारे. मागच्या गाडीत बसा. पैसे देऊ नका मले." काही जण कुरकुरले, पण उतरले. त्याने बंडीची एक फळी ओढून काढली. चौघांनी मिळून त्या शेतकऱ्याला तिच्यावर सरळ घेतले आणि गाडीत आडवे ठेवले. एक मजूर बाई आपणहून पुन्हा गाडीत चढली. तिने आपल्या दुपट्ट्याची घडी करून जखमेवर दाबून धरली.

शेतकरी शुद्धीवर होता. तो एकच विचारत होता, "माह्ये बैल कुठं हायेत?" चालकाने एका पोराला बैल बाभळीला बांधायला सांगितले आणि म्हणाला, "बाबा, बैल साबूत हायेत. हा पोरगा बसते त्यायच्यापाशी. तुम्ही आता बोलू नका." तेव्हा कुठे तो म्हातारा शांत झाला.

वर्धा आले. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तेथून आणखी आठ किलोमीटर. मी घड्याळ पाहिले आणि चौकात उतरलो. खिशातून भाडे काढून पुढे केले. चालक म्हणाला, "राहू द्या साहेब. आज तुम्हाले उशीर झाला." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. बैठकीत मी काय बोललो ते आज आठवत नाही. त्याचे ते वाक्य मात्र विसरलो नाही.

महिनाभराने पुन्हा त्याच्याच गाडीत बसण्याचा योग आला. विचारले तेव्हा कळले, की नातेवाईक येईपर्यंत तो रात्री नऊपर्यंत दवाखान्यात बसून होता. दुसऱ्या दिवशी जबाबासाठी बोलावले, तो दिवसही गेला. गाडी त्याची स्वतःची नव्हती. मालकाला रोजचा ठरलेला पैसा द्यावाच लागे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली आणि वरून पदरचे पैसे गेले. शेतकऱ्याचा पाय मात्र वाचला. थोडा लंगडतो, पण वखर धरतो. त्याच्या घरच्यांनी संक्रांतीला डिझेलचे पैसे आणि दोन पायल्या तूर आणून दिली. चालकाने दोन्ही ठेवून घेतले. मला ते आवडले. उपकाराचा बडेजाव त्याच्यापाशी नव्हता.

मी विचारले, "इतका त्रास झाल्यावर पुन्हा थांबशील का?"

तो म्हणाला, "नसतो थांबलो, त रोज त्याच जागेवरून गाडी नेता आली असती का, साहेब?"

असे चालक ठिकठिकाणी आहेत. मुंबईतील एका टॅक्सीचालकाची हकीकत वर्तमानपत्रांतून आली होती. रात्री टॅक्सी न मिळाल्यामुळे त्याच्या घरी दुःखाचा प्रसंग ओढवला. त्याने इंजिनिअरची चांगली नोकरी सोडली, टॅक्सी चालवायला घेतली आणि अडलेल्या रुग्णांना पैसे न घेता दवाखान्यात पोहोचवू लागला.

आता कामाचे बोलू. आमच्या चालकाने २०१२ मध्ये जो त्रास सोसला, तो आज कोणी सोसण्याचे कारण नाही. अपघातात मदत करणाऱ्याला छळू नये, यासाठीच्या केंद्र सरकारच्या सूचना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये सर्वांना बंधनकारक केल्या. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आले. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही, त्याच्याकडे उपचाराचे पैसे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे त्याने स्वखुशीने ठरवायचे. मदत करताना चुकून काही उणे-अधिक झाले, तरी त्याच्यावर दावा किंवा फौजदारी होत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवणाऱ्यास बक्षीस देण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली. तेव्हा रक्कम ५,००० रुपये होती. २०२५ मध्ये 'राहवीर' या नावाने ती २५,००० रुपये झाली. हे तुमच्या गावच्या गाडीवाल्याला आवर्जून सांगा. बक्षिसासाठी कोणी थांबत नसतो, पण भीतीमुळे निघून जाणारे पुष्कळ असतात. मी त्यांतलाच एक होतो.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. आधी तो क्रमांक लावा. पण त्याच्याच खाली गावातल्या गाडीवाल्याचाही फोन क्रमांक भिंतीवर कोळशाने का होईना लिहून ठेवा. अपरात्री शोधाशोध करण्यात वेळ जातो.

दुसरी, जखमीला हातपाय धरून लोंबकळत उचलू नका. मान आणि कणा सरळ राहील असे फळीवर किंवा बाजेवर घ्या. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. तोंडात पाणी घालू नका.

तिसरी, कापसाने भरलेली बंडी संध्याकाळी डांबरी रस्त्यावर काढता, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला चमकणारी लाल पट्टी लावा. ती मोटारीच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळते. कंदील मागे टांगला तरी चालेल. दिवेलागणीच्या वेळी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला भरलेली बंडी दिसतच नाही.

आणि मदत करणाऱ्याचे डिझेल बुडवू नका. त्याचा दिवस गेलेला असतो, त्याच्याही घरी चूल असते. त्या म्हाताऱ्याने तूर नेऊन दिली, ती जाण सगळ्यांना राहावी.

त्या दिवसानंतर रस्त्यात दोनदा मी गाडी थांबवायला लावली. बैठकीला उशीर झाला. दोन्ही वेळा कोणी मला रागावले नाही.

पुढल्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलू. तोवर रामराम.